मोहरी गाडीला चिकटली त्याची हकीगत

मंगळवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप वहिनींच्या सेवेशी,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. कालपासून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेमतेम तीन अंगं वाकतात. ती का धरली ते पुढे येईलच.) तुमच्या पायाचं काय म्हणणं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटते असं तुमची लेक फोनवर सांगत होती. आत विणायची सुई घालू नका. मी तुम्हाला ओळखतो, म्हणून आधीच लिहितो. दादा तुमची औषधं वेळेवर देतो ना, की डब्याकडे बघत वर्तमानपत्रच वाचत बसतो? जावईबापूंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. इकडे घर ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालतो. मांजर मात्र माझ्याशी बोलत नाही.

आता एक विनंती. तुम्हाला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे. या वेळी कृपा करून वरून खाली वाचा, आणि वाचून होईपर्यंत पाय पलंगावरून खाली टाकू नका. फोनही उचलू नका. मी मुद्दामच फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "काय झालं?" विचारता आणि मग मला जे झालं ते सोडून भलतंच सांगावंसं वाटतं.

तर वहिनी, आठवून बघा. तुम्ही आपल्या बालवाडीच्या वर्गाच्या छताला कापसाचे ढग टांगायला खुर्चीवर चढलात आणि ढगासकट खाली आलात. स्ट्रेचरवरून मला म्हणालात, "भाऊजी, महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे, लहान मुलं आहेत, नुसतं खेळवायचं." मी हो म्हटलं, कारण स्ट्रेचरवरच्या माणसाला नाही म्हणायला छाती लागते. शिवाय मनात म्हटलं, आपण आठवी-नववीला जन्मभर शास्त्र शिकवलं, मुलं पाठीमागे आपल्याला गंधक म्हणायची, आपण वर्गात शिरलो की पंखासुद्धा हळू फिरायचा. ही बोटभर पोरं काय करतील? पहिल्या दिवशी फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'प्रकाशसंश्लेषण' लिहिलं. एकाने भोकाड पसरलं, एकाने खडू खाल्ला, आणि एक मुलगी माझ्याकडे पाठ करून बसली ती जेवायच्या सुट्टीपर्यंत वळली नाही. मावशी (तुमची मदतनीस मावशी, ती मला अजून 'साहेब' म्हणते, म्हणजे माझा कारभार तिला पसंत नाही) दारात उभी राहून डोक्याला हात लावत होती. मग तुम्ही फोनवर सांगितलंत की यांना शास्त्र शिकवायचं नसतं, शास्त्र खेळू द्यायचं असतं. मी म्हटलं, बरं.

आणि वहिनी, खोटं कशाला बोलू, मला ते जमलं. पाण्याचा टब घेतला, 'तरंगतं की बुडतं' खेळलो. पान तरंगलं, खडा बुडाला, माझं घड्याळ बुडालं (ते मी दिलं नव्हतं, घेतलं गेलं), चष्म्याचं घर थोडा वेळ तरंगून विचार करून बुडालं. सावलीच्या कडेने खडूने रेघा ओढल्या, दुपारी सावली रेघेतून निघून गेली म्हणून पोरं चिडली. मग मला स्वतःला एक खेळ सुचला, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या खेळात आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. खेळाचं नाव 'बी'. प्रत्येकाने गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडायचं. वरून चादर, ती माती. बी हलत नाही, बी बोलत नाही, कोणी कितीही हाका मारल्या तरी बी ओ देत नाही. मी झारीने चार थेंब पाणी शिंपडणार आणि "ऊन आलं" म्हणणार, त्यानंतरच उगवायचं. त्यातही शिस्त. आधी मूळ, मग कोंब. म्हणजे चादरीखालून आधी पायाचा अंगठा बाहेर काढायचा आणि मागून हात वर करायचा. (पहिल्या दिवशी एक जण थेट हाताने उगवला. मी त्याला पुन्हा मातीत घातलं. मुळाआधी कोंब मी माझ्या वर्गात चालू देणार नाही.) पोरांना खेळ इतका आवडला की शी-शू विसरून उगवायची वाट बघत पडून राहायची. आणि मला हा खेळ जास्तच आवडला, कारण चादर पसरली की वर्गात अशी शांतता व्हायची की माझा चहा गरम असताना पिऊन व्हायचा. शास्त्र किती झालं आणि चहा किती झाला याचा हिशेब विचारू नका.

सगळ्यांत पक्की बी मोहरी. तीच ती, खिडकीखाली बसणारी. एवढीशी म्हणून मुलांनीच तिला मोहरी केलं. तुम्ही तिच्या आईच्या पायरीवर जाऊन जाऊन बसलात तेव्हा कुठे त्या बाईने तिला पाठवलं. आई नर्स, रात्रपाळ्या, घरात दुसरं कोणी नाही, आणि मुलगी घराबाहेर तोंड उघडत नाही. तुम्ही आईला शब्द दिला होतात की हिला बोलायला कोणी भाग पाडणार नाही आणि हिच्यावरची नजर कोणी हलवणार नाही. जाताना तो शब्द तुम्ही माझ्या गळ्यात घातलात. मोहरी माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेली नव्हती. पण चादरीखाली तिच्यासारखी बी दुसरी नाही. बाकीच्यांच्या चादरी खोकतात, हसतात. तिची चादर हलतसुद्धा नाही.

काल मी धडा पुढे नेला. बिया प्रवास कशा करतात? काही वाऱ्यावर उडतात, काही पाखरांच्या पोटातून जातात, आणि कुसळासारख्या काही जनावरांच्या अंगाला चिकटून लांब जातात. हा चिकटण्याचा भाग खेळायला जनावर पाहिजे. मावशीने साफ नकार दिला, तेव्हा मीच गाय झालो. सगळा वर्ग माझ्या पँटला, सदऱ्याला, एक जण तर मानेला चिकटला. (कमरेचा उलगडा झाला असेल.) आणि त्या गडबडीत, चार पायांवर उभं असताना, मी एक वाक्य बोलून गेलो. मी म्हणालो की सगळ्यांत हुशार बी कोण, तर जी लांब जाणाऱ्या जनावराला चिकटते आणि गुपचूप बसते. वाक्य शास्त्राला धरून होतं. आज मात्र वाटतं, गाईने तोंड बंद ठेवायला हवं होतं.

आज सकाळी तपासणी झाली. मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला येणाऱ्या त्या बाई तुम्हाला माहीत आहेत. सरळ, उंच, न हसणाऱ्या. मावशी त्यांना पट्टी म्हणते. गाडी फाटकातून थेट अंगणात घेतली, ड्रायव्हरने वजनकाटा, उंची मोजायची फळी आणि तक्त्यांच्या गुंडाळ्या उतरवल्या. बाईंनी खिडक्यांचे गज मोजले, टबाकडे बघून नाक मुरडलं आणि मुलांना काय येतं ते दाखवा म्हणाल्या. मुलांनी त्यांच्या हातातलं पेन काढून टबात टाकलं आणि एका सुरात "बुडतं" असं सांगितलं. मला वाटलं, छान झालं. बाईंना तसं वाटलं नसावं. त्या म्हणाल्या की निर्णय कळवू, आणि पाण्याच्या टाकीजवळच्या दुसऱ्या बालवाडीची तपासणी करायची म्हणून निघाल्या. ड्रायव्हर सामान भरत होता, मागचं दार सताड उघडं, पोरं अंगणात, मी बाईंच्या शेजारून चालत त्यांना टबाचं महत्त्व पटवत होतो. गाडी गेली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि मुलांना खाऊला बसवलं.

एक डबा उघडला गेला नाही. मोहरीचा.

सुरुवातीला मला काहीच वाटलं नाही. म्हटलं, मोरीत असेल. मोरीत नव्हती. कपाटामागे, जिन्याखाली, खेळण्यांच्या खोक्यात, पडद्यात, कुठेच नव्हती. मावशी एकीकडून हाका मारते आहे, मी दुसरीकडून, आणि हाका मारता मारता मला कळलं की ही मुलगी हाकेला ओ देणारच नाही. एक तर ती बोलत नाही, आणि बोलत असती तरी मीच तिला पढवून ठेवलं होतं की कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. मग मी आपल्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर चढलो. झाकण सरकवून आत बघितलं. आत पाणी होतं आणि माझं तोंड दिसत होतं, दुसरं काही नव्हतं. खाली उतरताना पायरी सापडेना. तिथून पाहिलं तर फाटक उघडं. गाडीसाठी उघडलेलं, गाडी गेल्यावर लावायचं राहिलेलं. फाटकाबाहेर गल्ली, गल्लीच्या तोंडाला बसचा रस्ता.

मी गल्लीत धावलो. शेजारच्या टेलरला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, बेकरीवाल्याला विचारलं. लहान मुलगी पाहिली का? कोणी पाहिली नव्हती. परत आलो तर बाकीची पोरं अंगणभर, फाटक अजून उघडं, मावशी मधोमध बसून रडते आहे. आता आणखी एक हरवलं तर, असं वाटून मला काय करावं सुचेना, आणि सवयीने मी वर्गावर ओरडलो, सगळे आत या आणि बी व्हा. झालं. सगळी पोरं चादरींखाली गेली. मी त्यांच्यामध्ये उभा राहून मोठमोठ्याने विचारतो आहे, मोहरीला कोणी बघितलं का, ती कुठे गेली, कोणाला माहीत आहे का, आणि खाली चादरी गप्प. एक हुंकार नाही. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. नववीच्या वर्गावर ओरडायचो तसा ओरडलो. चादरी आणखीच गप्प झाल्या. एका चादरीखालून एक अंगठा जरा बाहेर आला आणि परत आत गेला. तो मला दिसला. मला वाटलं, खेळतो आहे.

कोण जाणे किती वेळ मी तसा ओरडत राहिलो असतो. मावशीला वाटलं मला घेरी येते आहे, म्हणून ती पाण्याची बादली घेऊन धावत आली, उंबऱ्याला अडखळली, आणि ती अख्खी बादली वर्गावर पालथी झाली. त्यासरशी सगळीकडून अंगठे बाहेर आले, मागोमाग हात वर, आणि सगळी बाग एकदम ओरडायला लागली की मोहरी गाडीला चिकटली. ती मागच्या दारातून आत गेली, कागदांच्या खाली शिरली, सगळ्यांनी पाहिलं. मग आधी का नाही सांगितलं रे, असं मी विचारलं. त्यावर तो अंगठेवाला माझ्याकडे, मी वर्गातला सगळ्यांत ढ असल्यासारखं बघत म्हणाला, "तुम्ही पाणी कुठे घातलं होतं?"

तपासणीबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. टेलरने मशीनवरचं कापड तसंच सोडून स्कूटर काढली, मी मागे बसलो. फाटक मावशीने आतून दोरीने घट्ट बांधलं ते मी डोळ्यांनी बघितलं आणि मगच निघालो. आता पुढचं वाचताना पाय नीट टेकवून बसा. रस्त्याला लागलो आणि ऊन लागायला लागलं, तेव्हा मला आठवलं की मी दर वर्षी नववीला एक धडा घ्यायचो. काचेच्या बंद पेटीत ऊन शिरतं, उष्णता बाहेर पडत नाही, आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. उदाहरण म्हणून मी उन्हात उभी केलेली बंद मोटार सांगायचो. फळ्यावर मोटार काढायचो. मुलं हसायची कारण चाकं वाकडी यायची. सगळा धडा मला शब्द न् शब्द आठवत होता, थांबवता येत नव्हता. आणि त्या मोटारीत, तक्त्यांच्या खाली, एक बी आहे जी हाक मारली तरी हलणार नाही. वहिनी, मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. दादा ऑपरेशनला गेला होता तेव्हाही नाही. मी टेलरच्या पाठीला धरून त्याला जोरात चालव म्हणत होतो, आणि तो बिचारा म्हणत होता, "सर, सिग्नल लाल आहे हो."

त्या दुसऱ्या बालवाडीचा पहारेकरी सोडेना. तपासणी चालू आहे, आत सोडायची परवानगी नाही. टेलर त्याच्याशी हुज्जत घालायला लागला आणि मी बाजूने सटकलो. (कंबर त्या वेळी दुखत नव्हती. आता दुखते आहे.) गाडी अंगणाच्या टोकाला भर उन्हात उभी होती. मागची काच बंद. काचेवर ऊन इतकं की आतलं काही दिसेना. फुलझाडाच्या वाफ्याला लावलेली एक वीट मी उपटली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. नेम धरला. तेवढ्यात पुढून कोणीतरी जांभई दिली.

पुढची दोन्ही दारं उघडी होती. ड्रायव्हर सीट मागे पाडून, पाय बाहेर काढून झोपला होता, आणि छोटा पंखा त्याच्या नाकावर फिरत होता. वीट डोक्यावर घेतलेला म्हातारा बघून तो ओरडला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. (तो अजून म्हणतो की तो झोपला नव्हता, डोळे मिटून गाडीकडे लक्ष ठेवून होता.) मागचं दार उघडलं. तक्त्यांच्या गुंडाळ्या, वर ताडपत्रीचा तुकडा, सगळं निश्चल. मी हाक मारली. काही नाही. ताडपत्री ओढायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे, ओढली नाही. ड्रायव्हरची पाण्याची बाटली घेतली, ओंजळीतून चार थेंब शिंपडले आणि म्हणालो, "ऊन आलं." त्या गडबडीत बाटली माझ्या चष्म्यावर सांडली, त्यामुळे नीट दिसलं नाही, पण तक्त्यांच्या खालून आधी पायाचा एक अंगठा बाहेर आला. मग हात वर. मग मोहरी उठून बसली, इकडेतिकडे अंगण बघितलं, आणि मला म्हणाली, "लांब आले?"

हो, बोलली. मला. आणि मी त्या वेळी म्हटलं ते एवढंच की हो, बाळा, पुष्कळ लांब आलीस.

तेवढ्यात तपासणीबाई वजनकाट्यामागून बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं ते असं : त्यांच्या गाडीत एक मुलगी, गाडीशेजारी मी, पायाशी वीट, आणि फाटकात टेलर व पहारेकरी एकमेकांच्या कॉलरला धरून. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गाईचं वाक्यसुद्धा सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुलगी हरवली तुमच्या शाळेतून. पण सापडली माझ्या गाडीत. हे मी कुठल्या रकान्यात घालू?" मी म्हटलं, ज्या रकान्यात खरं असेल त्यात घाला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. शेवटी म्हणाल्या की मुलीच्या आईचं म्हणणं कळल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. आईची तक्रार असेल तर मान्यता थांबेल. उद्या संध्याकाळी आईसमोर बसून मला फोन करा.

तेव्हा आता कळलं असेल की शाळा कोणाच्या हातात आहे. माझ्या नक्कीच नाही. वहिनी, मी या कामाच्या लायकीचा नाही. मोठ्या मुलांना सांगितलेलं ती अर्धं ऐकतात, त्यामुळे मास्तराचं फावतं. ही पोरं सगळं ऐकतात. मला याची सवय नाही. डॉक्टरांना विचारून जितक्या लवकर येता येईल तितक्या लवकर या, खुर्चीवर बसून शिकवा, मी मावशीच्या हाताखाली चादरी धुवीन.

कळावे, लोभ आहे तो असाच राहील की नाही याची खात्री नसताना,

आपला धाकटा दीर

ता. क. : आता मुद्द्याचं. मोहरीच्या आईला अजून काही माहीत नाही. आज ती ड्यूटीवर होती, शेजारची बाई मुलीला घेऊन गेली, आणि त्या बाईला मी फक्त "आज जरा दमली आहे" एवढंच म्हणालो. आईला तुम्ही सांगा. तिचा तुमच्यावर विश्वास आहे. मी सांगायला गेलो तर आधी बियांच्या प्रसाराचे प्रकार सांगेन आणि ती मला तिथेच धरील. आज रात्रीच तिला फोन करा, म्हणजे उद्या सकाळी ती फाटकात येईल तेव्हा तिचा निम्मा राग तुमच्यावर निघालेला असेल. या एका कामासाठीच खरं तर हे पत्र लिहिलं. बाकी सगळं तुम्हाला माझी दया यावी म्हणून.

ता. क. दुसरा, बुधवार : वरचं लिहून पाकीट बंद केलं आणि मग लक्षात आलं की हे पत्र टेलरचा मेहुणा घेऊन निघणार आज, तुमच्या हाती पडणार उद्या, आणि मी तुम्हाला फोन करायला सांगितलाय काल रात्री. शास्त्राचा शिक्षक आहे मी. शेवटी सकाळी फाटकात मीच उभा राहिलो. वाक्याची सुरुवात पाठ करून ठेवली होती, ती विसरलो. म्हटलं, "काल तुमची मुलगी माझ्या हातून हरवली होती." ती म्हणाली, "माहीत आहे. रात्री तिनेच सांगितलं." घरी ती खूप बोलते म्हणे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं तिने, ड्रायव्हर घोरत होता इथपर्यंत, आणि आजोबांनी बाटलीतलं पाणी घातलं आणि डोळ्यांतलं पण घातलं, असंही सांगितलं. (चष्म्याबद्दल वर लिहिलंय ते आता खोडत नाही.) आई ओरडली नाही. रात्रभर जागलेली, डोळे लाल. एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही मला काल फोन करायला हवा होता." आज ती घरीच राहील, असं म्हणून मुलीचं बोट धरून परत गेली. खिडकीखालची जागा दिवसभर रिकामी होती. आज आम्ही काही खेळलो नाही. पोरांनी विचारलं आणि मी चित्रं काढायला दिली.

ता. क. तिसरा, बुधवार संध्याकाळ : मेहुण्याची गाडी चुकली, म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. आई आली, मोहरीला घेऊनच. वर्गात बसून तपासणीबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आई म्हणाली की फाटकाला आतून कडी पाहिजे आणि तिथे माणूस पाहिजे. मी म्हटलं, आजच बसवली, तिथे टेलर बसला आहे. मग ती म्हणाली, "माझी मुलगी परत यायला तयार असेल तर माझी तक्रार नाही. तयार नसेल तर आहे." बाई फोनमधून म्हणाल्या की ठीक आहे, मुलीला विचारा, मला तिच्या तोंडून ऐकू द्या. सगळे मोहरीकडे बघायला लागले. ती आईच्या पदरात शिरली. पुन्हा बाईंचा आवाज आला, थोडा मोठा, की बोल बाळ, यायचंय का शाळेत? वहिनी, मला त्या पोरीच्या पाठीवरून दिसत होतं की ती दगड होत चालली आहे. तेव्हा मी ते केलं ज्याबद्दल तुम्ही मला रागवाल किंवा रागवणार नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं, बाई, तिला विचारू नका. आमच्या वहिनींनी शब्द दिलाय की हिला बोलायला भाग पाडणार नाही. तुम्हाला मान्यता थांबवायची तर थांबवा. मावशीने तोंडावर हात घेतला. तुमची इतक्या वर्षांची शाळा मी एका वाक्यात घालवली असं मला वाटलं, आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

मग मला एकदम काही दिसेनासं झालं. डोक्यावर चादर आली होती. धुऊन घडी घातलेल्यांपैकी एक. छोट्या हातांनी तिची टोकं माझ्या गुडघ्यांखाली खोचली, नीट, चारी बाजूंनी, आणि मग चादरीच्या बाहेरून, माझ्या कानाशी, मोहरी म्हणाली, "उद्या घालते पाणी."

टेबलावरून बाईंचा आवाज आला, "ऐकलं मी. लिहिते." फोन बंद झाला. आई काहीतरी म्हणाली, मावशी रडत होती, कडी काढल्याचा आणि परत लावल्याचा आवाज आला. मी चादर काढली नाही. तुम्ही पाय पूर्ण बरा होईपर्यंत तिकडेच राहा.